दिनानाथरावांची करंगळी

बाभोळ्याहून सांडोरला भाजी आणायला जाण्यात वाईट काहीच नाही. सांडोरच्या वाड्यांतली भाजी ताजी असते, केळी तर विचारूच नका. पण भाजी आणायला गेलेली बाई दोन-अडीच तासांनी परत येते आणि पिशवीत बघावं तर अळूची एक जुडी आणि चार वेलची केळी. आता सोसायटीच्या गेटाजवळ बाकावर बसणाऱ्या आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनी यातून काय समजायचं?

मनोरमावहिनी गुढीपाडव्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी जायच्या. इस्त्रीची साडी नेसून, पावडर लावून. भाजीला! बरं, येताना गुणगुणत यायच्या. साठीची बाई जिना चढताना गुडघा धरते, गुणगुणत नाही. मी काही बोललो नाही. मी कशाला बोलू? फक्त एकदा त्यांच्या यजमानांना म्हणालो, "दिनानाथराव, वहिनींना सांडोरची हवा मानवलेली दिसते." एवढंच. आणि पेपरात तोंड घातलं.

आता या यजमानांची ओळख करून द्यायला हवी, म्हणजे एवढंसं वाक्य त्यांना का पुरलं ते कळेल. दिनानाथ परुळेकर, निवृत्त वजनमाप निरीक्षक. सगळी नोकरी दुकानदारांचे काटे पकडण्यात गेली. वजन हातात घेतलं की आधी उलटं करून त्याच्या पोटातल्या शिशावरचा शिक्का बघायचा, मग दुकानदाराच्या डोळ्यांत बघायचं. नोकरी संपली, नजर राहिली. घरात अजून एक किलोचं लोखंडी वजन आहे, देवघराच्या खालच्या फळीवर. वाण्याकडून आलेली साखर आधी त्याला भेटते, मग डब्यात जाते. माझ्या नातीच्या बारशाला त्यांनी पेढ्यांचा पुडा तळहातावर घेतला, दोनदा वरखाली केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "खोक्यासकट अर्धा किलो." तेव्हापासून आमच्याकडे त्यांना पेढा सुटा देतात.

मनोरमावहिनी लग्नाआधी गायच्या. विरारला एका ऑर्केस्ट्रात त्यांचं नाव होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी दिनानाथराव एका तालमीला गेले आणि पुढच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले. नजर वहिनींवर नव्हती, गिटार वाजवणाऱ्यावर होती. अख्खी तालीम माणूस हललाही नाही, की एक शब्द बोलला नाही. बोलले असते तर भांडण झालं असतं आणि मिटलंही असतं. वहिनींनी तीन गाणी म्हटली, चौथ्याला घसा धरला म्हणाल्या, आणि तो धरलेला घसा मग सुटलाच नाही. घरी कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. गिटारवाला कोण होता म्हणाल, तर सांडोरचा गॅब्रिएल.

आलं ना लक्षात? सांडोर!

तर माझ्या त्या एका वाक्यानंतरच्या शुक्रवारी दिनानाथराव स्कूटर काढून वहिनींच्या रिक्षामागे गेले. हे मला त्यांनीच पुढे सांगितलं, म्हणून खात्रीने सांगतो. सांडोरला एका केळीच्या वाडीत रिक्षा थांबली. वहिनी एका कौलारू घरात शिरल्या. हे केळीच्या पानाआड उभे. आतून गिटार वाजली आणि मागोमाग वहिनींचा आवाज आला. दारातल्या सावलीला नाव विचारू नको, असं काहीतरी गाणं. ऑर्केस्ट्रातल्याच कुणी रचलेलं, बाहेर कुणाला ठाऊक नसलेलं. पस्तीस-छत्तीस वर्षांत ऐकला नव्हता तो आवाज! दुसरा कुणी असता तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. यांनी मनात नोंद केली: गिटार चालू आहे, म्हणजे गिटारवाला आहे.

तेवढ्यात गाणं थांबलं आणि पडवीत एक पोरगेलासा माणूस आला. दाढी, कानात बाळी. केळीआडचे पांढरे केस बघून म्हणाला, "अंकल, गिटार क्लाससाठी आलात काय?"

समोरच पाटी होती, हे बघायचंच राहिलं होतं. बायकोच्या पाळतीवर आलोय हे कसं सांगणार? तोंडातून निघून गेलं, "हो."

"मग सोमवार-गुरुवार या. मंगळवार-शुक्रवार एका काकूंची प्रॅक्टिस असते."

अशा रीतीने वसईच्या इतिहासात पहिल्यांदा एका माणसाने पाळत ठेवण्यासाठी गिटारच्या क्लासात नाव घातलं.

या पोराचं नाव फेबियन. गॅब्रिएलचा मुलगा. गॅब्रिएल तीन वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको फ्लॉसी वाडी बघते, फेबियन लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवतो आणि शिकवतो. म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यायचा तो माणूसच उरला नव्हता. साध्या नवऱ्याचा संशय इथे संपला असता. पण निरीक्षकाचा? माल नाही सापडला तर गोदाम तपासायचं.

दोघंही आता सांडोरला जाऊ लागले, एकमेकांपासून लपवून, आणि दोघांनाही सबब भाजीचीच. मंगळवारी अळू, गुरुवारी माठ, शुक्रवारी वांगी, सोमवारी केळफूल. परुळेकरांच्या घरात केळी इतकी साठली की आमच्या मजल्यावर वाटप सुरू झालं. मला उन्हात वाळवलेली सुकेळीही मिळाली. मी निमूट खाल्ली आणि नजर ठेवली. दिनानाथराव बाकावर बसले की डाव्या हाताची बोटं छत्रीच्या दांड्यावर वेडीवाकडी बसवायचे. बोटांची टोकं कडक झाली होती. मी विचारलं, "नायटा झालाय का?" तर म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय?"

तिकडे त्यांचं शिक्षण बरं चाललं होतं. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे सूर; साध्या कॉर्डना वजनाचा माणूस हरकत घेत नाही. तीन सूर सांगितले, तीन सूर वाजले. घोटाळा झाला तो पुढे, श्रावणात. फेबियनने विचारलं, "अंकल, तुम्हाला कुठलं गाणं शिकायचंय?" दिनानाथरावांनी पडेल चेहऱ्याने सांगितलं, "ते काकू म्हणतात ते. दारातल्या सावलीचं." फेबियन म्हणाला, "त्याच्यात एक अवघड जागा आहे. पप्पांनी बसवलेली. तिथे जी थर्टीन आहे."

आणि मग त्याने समजावलं. दिनानाथरावांनी मला ते इतक्या वेळा ऐकवलंय की मलाही आता पाठ झालंय.

"बघा अंकल, नुसती जी कॉर्ड म्हणजे बंद दार. सेव्हन लावला की दार अर्धं उघडं. आता चैन पडत नाय. कोणीतरी आत यायला पायजे नायतर दार लावायला पायजे. त्याच्यावर नाईन चढवला की दारात कोणतरी उभं आहे. आणि थर्टीन चढवला, की जो उभा आहे ना, तो हसतोय. का हसतोय, म्हायती नाय."

दिनानाथराव ताठ बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या स्वभावाला चाल लावून दाखवली होती.

"आणि मग?"

"मग सी येतो. म्हणजे घरचाच माणूस निघाला."

"हं. आणि हे तेरा कसे मोजायचे?"

"जीपासून वर मोजत जायचं, एक सोडून एक. एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा, तेरा."

"म्हणजे सात सूर."

"बरोबर."

"वाजव."

फेबियनने चार तारांवर चार बोटं ठेवली आणि वाजवलं. दिनानाथराव वाकून बघत होते. "परत वाजव. एकेक तार." एकेक तार वाजली. दिनानाथरावांनी डोळे बारीक केले. माझी पैज आहे, वाण्याच्या तराजूखाली चिकटवलेली चिंच सापडायची तेव्हा त्यांचे डोळे अस्सेच होत असणार.

"हे चार झाले. तीन कुठे गेले?"

"अंकल, सगळे नाय वाजवत. सोडायचे असतात."

"असं प्रत्येक जण म्हणतो," दिनानाथराव म्हणाले. "सात सांगायचे आणि चार द्यायचे. याला आमच्यात काटा मारणं म्हणतात."

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. बायकोवरची पाळत राहिली बाजूला, पोरगं गिऱ्हाइकाला मापात फसवतंय हे मोठं झालं. आणि फसवतंय कुणाला? "माझ्या बायकोच्या गाण्याला, आबा! तिच्या गाण्याखाली तीन सूर कमी घालतो, आणि ती बिचारी विश्वासाने गाते!" मी म्हणालो, "मग तक्रार करा." माझं काय गेलं? पुढच्या गुरुवारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मीच गेलो. साक्षीदार लागतो ना.

आता इथे वहिनींचं सांगतो. त्याही बसून नव्हत्या. फ्लॉसी भाजीची जुडी केळीच्या सोपटाने बांधते आणि वर एक उलटी गाठ मारते, ती दुसरीकडे कुठे मिळायची नाही. वहिनींना सोमवारच्या केळफुलावर तीच गाठ दिसली. गुरुवारच्या माठावरही. साखर रोज वजनाला लावणाऱ्या माणसाला दोन जुड्यांवरची एकच गाठ दिसली नाही! वहिनींना दिसली. छत्रीच्या दांड्यावरची बोटंही दिसली. पण हा माणूस गिटार शिकतोय तो शिकण्यासाठी, हे काही त्यांच्या मनाला पटेना. आणि का पटावं?

तर त्या गुरुवारी आम्ही पोचलो. मी पडवीत बाकड्यावर बसलो, दिनानाथराव आत फेबियनसमोर. खोलीत भिंतीला लागून एक जुनी पायपेटी होती, वर क्रूस आणि गॅब्रिएलचा फोटो.

"चारही सूर ओळखलेत मी," दिनानाथरावांनी सुरुवात केली. "सातवा आहे, तिसरा आहे, तेरावा आहे, नववा आहे. पहिलाच नाही! नाव जीचं आणि जीच दुकानात नाही? मालकाशिवाय दुकान?"

फेबियनने गिटारकडे बघितलं, मग डोकं खाजवलं. "हां... हे बरोबर पकडलंत अंकल. बँडमध्ये पहिला सूर बेसवाला देतो, म्हणून मला सोडायची सवय आहे. इथे बेस नाय. इथे पायजे." त्याने बोटं बदलली. पहिलं बोट वरच्या जाड तारेवर गेलं, करंगळी खाली दुसऱ्या तारेवर. "आता घ्या. पहिला, सातवा, तिसरा, तेरावा."

दिनानाथराव फुलले. पडवीत माझ्याकडे बघून मान हलवली. पण लगेच: "आणि नववा? आत्ता होता, तो कुठे गेला? एक दिला आणि एक काढून घेतला! पाचवा नाही, अकरावा नाही, नववा नाही."

"पाचवा असला काय नसला काय, काय फरक नाय. अकरावा तिसऱ्याला चावतो. शिवाय अकरावा म्हणजे सी. पुढे ज्या घरी जायचंय त्या घरचा सूर. आधीच वाजवला तर पोचण्यात मजा काय?"

"आणि नववा?"

"तो काकू गातात."

दिनानाथराव म्हणाले, "कशावरून?"

"माझ्यावरून," मागून आवाज आला. स्वयंपाकघराच्या दारात मनोरमावहिनी, हातात चहाचा ट्रे. मागे फ्लॉसी, पदराआड हसत. गुरुवार होता हो! वहिनींचा वारच नव्हता. मी बाकड्यावर जरा सरकलो, म्हणजे नीट दिसावं.

"तू इथे कशी?" दिनानाथराव.

"भाजीला," वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्ही?"

"मी... मी पण भाजीलाच."

"सोसायटीच्या दिवाळी पहाटेला मी एक गाणं म्हणणार होते," वहिनींनी ट्रे खाली ठेवला. आवाज अगदी साधा. "पाच महिने त्याची तयारी केली. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही पुढच्या खुर्चीत येऊन बसाल. आता खुर्चीत नाही, क्लासातच येऊन बसलात. राहू दे. मी आता गातच नाही. तुमचा पाळतीचा त्रास तरी वाचेल."

मग फ्लॉसी पुढे आली. लुगड्याचा पदर खोचलेली, हाताला माती. दिनानाथरावांना म्हणाली, "मी तुमाला पयल्या दिवशीच वळखलं. विरारच्या तालमीला तुमी पुढच्या खुर्चीत होता ना? मी मागच्या खुर्चीत होते."

"तुम्ही? कशाला?"

"तुमी आलेला त्याच्यासाठीच. माझा गॅब्रिएल, आणि बाई एवढी गोड गानारी. मी पन पहारा द्यायची. तुमी मागे वळून बघितलं नाय, तुमाला काय कळनार!"

"मग काय सापडलं?" हे मी विचारलं. राहवलं नाही.

"काय सापडनार? ह्या गॅब्रिएलने मला मागनी घातली ती बहिनीला पाठवून. तो कोनाला काय बोलनार! तो फक्त एक सूर सोडायचा, नि ही तिथे गायची. त्या दिवसाच्या आदी महिनाभर बघितलं मी, नुसती कंटाळले."

दिनानाथरावांना हा पुरावा पुरेसा वाटला नाही. ऐकीव माहिती ना ती! ते उठले, पेटीसमोर बसले आणि फेबियनला म्हणाले, "सातही सूर दाखव. मला पूर्ण माप ऐकायचंय. मनोरमा, तू म्हण."

"मी कशाला म्हणू?"

"एकदा. मग पुन्हा कधी नको म्हणूस."

फेबियनने दोन्ही हातांची बोटं सात पट्ट्यांवर बसवून दिली. वहिनी गॅब्रिएलच्या फोटोकडे बघत ओळ म्हणू लागल्या. अवघड जागा आली, दिनानाथरावांनी पायाने भाता मारून सातही सूर दाबले. काय सांगू? वसईच्या होळी बाजारात सगळ्या भाजीवाल्या एकदम ओरडाव्यात तसं झालं. वहिनींनी तोंड उघडलं आणि मिटलं. पाऊल ठेवायला जागाच नव्हती.

मग फेबियनने गिटारवर चार सूर वाजवले. वहिनी गायल्या. त्या कुठून आत शिरल्या ते माझ्यासारख्या कान नसलेल्यालाही कळलं.

दिनानाथराव पेटीच्या पट्ट्यांवर बोट ठेवून मोजू लागले. मग म्हणाले, "पाच होतात."

"काय?"

"चार त्याचे, एक तुझा. पाच. दोन अजून कमीच आहेत. पण ते... असू देत."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता विरघळणार. कसल्या विरघळतात! म्हणाल्या, "मी गाईन. पण वाजवणार तुम्ही."

"मी? लोकांसमोर? फेबियन आहे की."

"फेबियनने वाजवलं तर तुम्ही पुढच्या खुर्चीत. तुम्ही गिटार घेऊन शेजारी बसलात की हाताची घडी घालता येणार नाही. नाहीतर मी गात नाही."

येताना स्कूटरवर दिनानाथराव एकच बोलले, "ती माझ्यावर संशय घेते, आबा." दुःखाने बोलले. मला हसू आलं ते मी हेल्मेटमध्ये ठेवलं.

त्यानंतर दिवाळीपर्यंत परुळेकरांच्या खिडकीतून गिटार ऐकू यायची. आणि इथे मला एक गोष्ट दिसली, ती मी वहिनींना सांगितली नाही. जिन्यात एकदा दिनानाथराव छत्रीचा दांडा धरून उभे होते. चार बोटं त्या जी थर्टीनवर. आणि करंगळी ते हळूच आडवी पाडत होते. मी फेबियनला फोन करून विचारलं, करंगळी आडवी केली की काय होतं? तो म्हणाला, "दोन तारा दाबल्या जातात, आबा. नववा सूर पण येतो. पूर्ण रुबाबदार कॉर्ड. पण मग काकूंची जागा जाते."

म्हणजे बघा! माणूस आजन्म निरीक्षक. नववा सूर बायकोवर सोडायचा नाही, आपल्या हातात ठेवायचा.

दिवाळीच्या पहाटे आवारात सतरंज्या, रांगोळी, चहाचं पातेलं. मी मुद्दाम डाव्या बाजूला बसलो, जिथून करंगळी दिसेल. माझ्या शेजारी फ्लॉसी, नवी साडी नेसून. ती माझ्या कानात म्हणाली, "तुमी पन करंगळीच बघताय ना?" म्हणजे तिलाही कळलं होतं.

वहिनी उभ्या राहिल्या. दिनानाथराव स्टुलावर, गिटार इतकी घट्ट धरलेली की कुणी हिसकावून नेणार आहे. पहिली ओळ झाली. बरी झाली. दुसरी झाली. वहिनींनी गाताना एकदा, एकदाच, खाली त्यांच्या हाताकडे बघितलं. अवघड जागा आली. दिनानाथरावांची बोटं सरकली. पहिलं जाड तारेवर. मग दुसरं, तिसरं. करंगळी बसली.

आणि आडवी होऊ लागली. आईशप्पथ, मी बघितली. फ्लॉसीने माझा दंड धरला.

तेवढ्यात दिनानाथरावांनी मान वर केली. वहिनी त्यांच्याकडेच बघत होत्या, तोंड उघडायच्या बेतात, श्वास घेऊन. करंगळी होती तिथे थांबली. मग पुन्हा उभी राहिली. शेवटची तार मोकळी राहिली, मुकी. चार सूर वाजले, आणि पाचवा वहिनींनी वरून आणून ठेवला. तिथून त्या अशा घरी उतरल्या की पुढच्या रांगेतल्या चहा पिणाऱ्याचा कप ओठांशीच थांबला.

टाळ्या झाल्या. फराळ झाला. वहिनींना बायकांनी घेरलं. दिनानाथराव गिटार पिशवीत घालून माझ्याकडे आले. मला वाटलं, मन मोकळं करतील.

"आबा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही आणि फ्लॉसीबाई अख्खं गाणं माझ्या करंगळीकडे बघत होता. का?"

"छे हो. गाणं ऐकत होतो."

त्यांनी डोळे बारीक केले, माझ्या हातातली चकली घेतली, तळहातावर एकदा वरखाली केली आणि म्हणाले, "हं."

पुढच्या मंगळवारी वहिनी दुपारी निघाल्या. इस्त्रीची साडी, पावडर. हातात पिशवीसुद्धा नव्हती.